फोनचं पॅकेट आधी: स्विचवरचा तातडीचा शिक्का कसा चालतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते: ‘बोलताना समोरच्याचा आवाज मधूनच तुटतो.’ आयटीवाला अपलिंकचा आलेख उघडतो, तर भार जेमतेम पंधरा टक्के. लाइन रिकामी आहे, फोनवाल्यांना विचारा, असं तो सांगतो. फोनवाले म्हणतात, आमचं सगळं ठीक आहे, नेटवर्क बघा. दोघंही खोटं बोलत नसतात. आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि आवाज तुटतो तो काही मिलिसेकंदांत.

तेवढे मिलिसेकंदच जरा जवळून पाहू. एका मजल्यावर २४ पोर्टांचा स्विच आहे. प्रत्येक पोर्ट १ गिगाबिटचा आणि मुख्य स्विचकडे जाणारी अपलिंकही १ गिगाबिटचीच. दोन संगणकांनी एकाच वेळी सर्व्हरवर मोठ्या फायली पाठवायला घेतल्या, की स्विचमध्ये सेकंदाला २ गिगाबिट येऊ लागतात आणि बाहेर पडू शकतो १. उरलेला माल बफरमध्ये साठतो. बफर १ मेगाबाइटचा धरला, तर तो ८ मिलिसेकंदांत काठोकाठ भरतो. त्यानंतर येणारं पॅकेट फाइलचं असो की फोनचं, जागा नाही म्हणून टाकून दिलं जातं. दोन्ही संगणकांवरचं टीसीपी मग वेग उतरवतं, बफर रिकामा होतो आणि आलेखावर साधा ओरखडाही उमटत नाही.

फाइलचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. आवाजाला ती सोय नाही. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत फोन दर २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइटमध्ये भरतो. त्यावर हेडरांचे ४० बाइट चढतात आणि २०० बाइटचं पॅकेट निघतं, सेकंदाला ५० या ठरल्या लयीत. म्हणजे एका कॉलला एका दिशेनं ८० किलोबिट लागतात, इथरनेटचं वेष्टन धरून साधारण ८७. गिगाबिटच्या लाइनीत हे कुठल्या कुठे हरवून जाईल इतकं किरकोळ आहे. पण ही किरकोळ वाहतूक वेळेची पक्की आहे, उशिरा पोहोचलेलं पॅकेट हरवल्यातच जमा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते.

गिगाबिटच्या स्विचवर खरा त्रास पॅकेटं टाकून दिली जाण्याचा असतो. रांगेत थांबण्याचा तिथे फारसा नसतो, कारण १५०० बाइटचं पॅकेट तिथून १२ मायक्रोसेकंदांत बाहेर पडतं. तेच पॅकेट शाखा कार्यालयाच्या १० मेगाबिटच्या लीज्ड लाइनवर आलं, की १.२ मिलिसेकंद घेतं. अशी शंभर पॅकेटं पुढे उभी असली, तर फोनच्या पॅकेटला १२० मिलिसेकंद नुसतं तिष्ठत राहावं लागतं. १५० पैकी १२० एकाच ठिकाणी खर्ची पडले. म्हणून या सगळ्या कामात पहिला प्रश्न विचारायचा तो ‘अरुंद जागा कुठे आहे?’ हा. जिथे रांगच लागत नाही तिथे प्राधान्याला काही अर्थ उरत नाही.

आता शिक्क्याकडे वळू. सरकारी कचेरीत फायलीवर ‘तातडीचे’ असा लाल शिक्का मारतात. त्या शिक्क्यानं फाइल आपोआप पळत नाही. टेबलावरच्या माणसानं तो बघून ती गठ्ठ्याच्या वर ठेवली तरच ती पुढे सरकते. आणि शिक्का हवा त्याला मारू दिला, तर आठवड्याभरात सगळ्याच फायली तातडीच्या होतात. पॅकेटच्या मार्किंगचं अगदी हेच आहे. शिक्का मारायचा कुठे, मानायचा कुणाचा आणि मानला तर पुढे करायचं काय, ही तीन वेगळी कामं आहेत. बहुतेक ठिकाणी पहिलं केलेलं असतं, दुसरं अर्धवट असतं आणि तिसरं कुणी पाहिलेलंच नसतं.

पॅकेटवर शिक्क्याला जागा दोन. पहिली इथरनेटच्या फ्रेममध्ये. व्हीलॅनसाठी घातल्या जाणाऱ्या ४ बाइटच्या ८०२.१क्यू टॅगमध्ये १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात आणि ३ बिट प्राधान्य. तीन बिटांत ० ते ७ असे आठ आकडे बसतात. मानकात याला पीसीपी म्हणतात, सिस्कोच्या बोलीत कॉस. यातली एक खोच बऱ्याच जणांना ठाऊक नसते: १ हा दर्जा ० पेक्षा खालचा आहे. ० म्हणजे रोजची साधी वाहतूक, १ म्हणजे मागे सावकाश चालत राहील अशी. या जागेची अडचण एवढीच, की टॅग निघाला की शिक्काही निघाला. फ्रेम साध्या अ‍ॅक्सेस पोर्टातून बाहेर पडली किंवा राउटरमधून पलीकडे गेली, तर प्राधान्य तिथेच संपतं.

दुसरी जागा आयपी हेडरमध्ये आहे आणि ती पॅकेटबरोबर शेवटपर्यंत जाते. १९८१ च्या आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या मानकात ‘टाइप ऑफ सर्व्हिस’ नावाचा एक बाइट राखून ठेवला होता. १९९८ मध्ये आरएफसी २४७४ नं त्यातल्या पहिल्या ६ बिटांना नवा अर्थ दिला. त्यांना म्हणतात डीएससीपी. उरलेले २ बिट पुढे गर्दीची सूचना देण्यासाठी, म्हणजे ईसीएनसाठी वापरात आले. सहा बिटांत ० ते ६३ असे ६४ शिक्के होतात. इतके कुणालाच लागत नाहीत.

आवाजाचा शिक्का ४६, नाव ईएफ. बायनरीत तो १०१११० असा लिहितात. त्यातले पहिले तीन बिट १०१ म्हणजे ५, आणि कॉसमध्येही आवाजाला ५ च देतात. सहा बिटांपुढे ईसीएनची दोन शून्यं लावली की पूर्ण बाइट होतो १०१११०००, म्हणजे १८४. हा १८४ लक्षात ठेवा, तपासणीच्या वेळी लागेल. व्हिडिओ कॉलला सहसा ३४ देतात. त्याचं नाव एएफ४१ : वर्ग चौथा, म्हणून ४ गुणिले ८, टाकून देण्याची पायरी पहिली, म्हणून १ गुणिले २, बेरीज ३४. या कुटुंबातले सगळे आकडे याच हिशेबानं निघतात. ४८ हा राउटरांच्या आपसातल्या बोलण्याचा, त्याला हात लावू नये. बॅकअपसारख्या बिनघाईच्या कामाला २०१९ च्या आरएफसी ८६२२ नं १ हा आकडा दिला. जुन्या उपकरणांत त्यासाठी ८ वापरलेला दिसतो.

छोट्या-मध्यम कार्यालयाला चार वर्ग पुरतात: आवाज, व्हिडिओ, बॅकअप आणि उरलेलं सगळं. बारा वर्गांचे सुंदर तक्ते मी पाहिले आहेत. सहा महिन्यांनी ते बनवणाऱ्यालाही त्यातल्या सातव्या वर्गात काय येतं ते सांगता येत नाही.

आता प्रश्न शिक्का मानायचा कुणाचा हा. माझ्या मते सगळ्या कामाचं सार इथेच आहे. डीएससीपी लिहिणं ही कुठल्याही संगणकाला सहज जमणारी गोष्ट. लिनक्सवर एका पिंग कमांडमध्ये हवा तो शिक्का मारता येतो. कुणी आपल्या डाउनलोडवर ४६ मारलं आणि स्विचनं ते डोळे झाकून मानलं, तर फोनच्या रांगेत चित्रपट शिरतो. म्हणून नेटवर्कात एक वेस ठरवावी लागते. वेशीबाहेरचा शिक्का पुसायचा किंवा तपासून नव्यानं मारायचा, आतला निमूट मानायचा. वेस वापरणाऱ्याच्या जितकी जवळ तितकी चांगली, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या स्विचच्या पोर्टावर. पुसायचं काम मुख्य स्विचवर ठेवलं, तर तिथवरची अपलिंक आधीच खोट्या शिक्क्यांनी भरलेली असते.

हे प्रत्यक्षात कसं बसवतात ते सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६० आणि ३५६० या घराण्यावर पाहू, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत आणि कार्यालयांत ही जुनी पेटी अजून मुबलक सापडते. कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, स्विचवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.

या स्विचवर प्राधान्याची यंत्रणा, म्हणजे क्यूओएस, मुळात बंद असते. बंद असताना तो शिक्क्यांना हातही लावत नाही आणि त्यांच्याकडे बघतही नाही. सगळ्यांना एकच रांग. ‘एमएलएस क्यूओएस’ ही एक ओळ दिली की ती चालू होते, आणि त्याच क्षणी सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा डीएससीपी पुसून ० केला जातो. नवखा माणूस ही ओळ टाकतो, खूश होतो आणि फोन आधीपेक्षा वाईट चालायला लागतात. कारण फोनने इमानानं मारलेला ४६ आता पहिल्याच पोर्टावर पुसला जातो आहे. यंत्रणा चालू करण्याआधी कुठल्या पोर्टावर काय मानायचं ते ठरलेलं हवं आणि ओळी एकाच बैठकीत पडायला हव्यात.

टेबलावरचं चित्र साधारण असं असतं. भिंतीतली केबल आयपी फोनला येते आणि फोनच्या पाठीतून दुसरी केबल संगणकाला जाते. एकाच पोर्टावर दोघं: फोन भरवशाचा, संगणक नाही. फोन आपली फ्रेम व्हॉइस व्हीलॅनचा टॅग लावून, कॉस ५ घालून पाठवतो. संगणकाची फ्रेम टॅगशिवाय येते. इथे ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट कॉस’ असं सांगितलं, तर फोनचा ५ मानला जातो; संगणकाच्या फ्रेमला टॅगच नाही, म्हणून पोर्टाचा मूळ आकडा ० लागू होतो आणि त्याच्या पॅकेटमधला डीएससीपीही त्याप्रमाणे ० होतो. फोन संगणकाला टॅग लावलेल्या चोरवाटेनंही शिरू देत नाही, कारण पाठीमागच्या पोर्टातून टॅगसह आलेल्या फ्रेमचा कॉसही तो ० करतो. याच पोर्टावर ‘ट्रस्ट डीएससीपी’ दिलं असतं, तर संगणकानं लिहिलेला ४६ सरळ आत गेला असता.

मात्र कॉस मानताना एक खड्डा आहे. स्विच कॉसवरून डीएससीपी काढतो तो एका तक्त्यातून, आणि मूळ तक्त्यात प्रत्येक आकड्याला आठानं गुणलेलं असतं: ०, ८, १६, २४, ३२, ४०, ४८, ५६. म्हणजे ५ चा झाला ४०. फोनने पाठवलेला ४६ स्विचमधून ४० होऊन बाहेर पडतो आणि पुढचा राउटर ४६ ची वाट पाहत बसतो. तक्त्यात सहाव्या जागी ४६ लिहिणारी ‘एमएलएस क्यूओएस मॅप कॉस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६’ ही ओळ म्हणूनच लागते. एका आकड्याची दुरुस्ती, पण ती राहून गेलेली फार ठिकाणी दिसते.

याच्या जोडीला ‘ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन’ अशी अट घालता येते. स्विच सीडीपी या सिस्कोच्या ओळख-प्रोटोकॉलवरून फोन खरंच जोडलेला आहे का ते पाहतो आणि कुणी फोन काढून लॅपटॉप लावला, तर विश्वास काढून घेतो. सीडीपीची नक्कल करता येते, तेव्हा हिला कुलूप समजू नका, कडी आहे. दुसऱ्या कंपनीचे फोन असतील, तर त्यांना व्हीलॅन, कॉस आणि डीएससीपी काय वापरायचं हे एलएलडीपी-मेड हा प्रोटोकॉल सांगतो.

स्विच-स्विचमधल्या ट्रंकवर मात्र ‘ट्रस्ट डीएससीपी’च हवं. तिथे येणारं सगळं वेशीवर तपासलेलं असतं. ही ओळ ट्रंकच्या दोन्ही टोकांना लागते. एका टोकाला विसरलात, तर एका दिशेचा आवाज स्वच्छ आणि दुसऱ्या दिशेचा फाटका, अशी चमत्कारिक तक्रार येते.

फोनचं यंत्रच नसेल, संगणकावरच बोलणं चालत असेल तर? तेव्हा संगणक अविश्वासू म्हणून भागत नाही, पण पूर्ण विश्वासही नको. मायक्रोसॉफ्ट टीम्सचं उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीप्रमाणे आवाजाला संगणकावरची ५०००० ते ५००१९ ही पोर्ट-क्रमांकांची पट्टी आणि शिक्का ४६, व्हिडिओला ५००२० ते ५००३९ आणि ३४, स्क्रीन दाखवण्याला ५००४० ते ५००५९ आणि १८. विंडोजवर ग्रुप पॉलिसीतून हे शिक्के मारता येतात. त्याऐवजी स्विचवरच त्या पट्टीचं यूडीपी ओळखणारी अ‍ॅक्सेस लिस्ट लिहून, क्लास-मॅप आणि पॉलिसी-मॅपमधून ४६ मारलेला मला जास्त पटतो. शिक्का मारणारा हात आपला राहतो. आणि त्याच पॉलिसीत मर्यादा घालता येते: एका पोर्टावरून आवाजाच्या नावानं १२८ किलोबिटपर्यंतच जाऊ द्यायचं. एक जी.७११ कॉल त्यात आरामात बसतो आणि चोरून ४६ मारलेली फाइल बसत नाही.

आता तिसरं काम, रांगा. या स्विचच्या प्रत्येक पोर्टाला बाहेर पडायच्या चार रांगा आहेत. कॉस ५ पहिल्या रांगेत जातो, ० आणि १ दुसऱ्या, २ आणि ३ तिसऱ्या, उरलेले चौथ्या. पहिली रांग नावानं पहिली असली, तरी तिला मान मिळतो तो पोर्टावर ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ लिहिल्यावरच. ती ओळ नसेल, तर मूळ मांडणीप्रमाणे पहिल्या रांगेला पोर्टाच्या पंचविसाव्या भागाची वेसण असते, १०० मेगाबिटच्या पोर्टावर फक्त ४ मेगाबिट. ओळ लिहिली, की पहिली रांग रिकामी होईपर्यंत बाकीच्या थांबतात.

म्हणूनच त्या रांगेत काय जातं यावर करडी नजर हवी. व्हिडिओही महत्त्वाचा म्हणून तो तिथे घालायचा आग्रह वरिष्ठांकडून हमखास होतो. ऐकू नका. व्हिडिओची पॅकेटं मोठी आणि झुंडीनं येणारी असतात, ती आवाजाच्याच वाटेत उभी राहतात. अरुंद लाइनवर प्राधान्याच्या रांगेला एकूण क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, हा सिस्कोचा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

यंत्रणा चालू केल्यावर बफरचेही चार समान भाग पडतात. सगळी साधी वाहतूक दुसऱ्या रांगेत, आणि तिच्या वाट्याला मुळात फक्त पाव बफर. त्यामुळे फोन सुधारतात आणि फायलींची पॅकेटं मात्र आधीपेक्षा जास्त गळू लागतात. ‘क्यूओएस चालू केलं आणि नेट मंदावलं’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. उपाय सोपा आहे: क्यू-सेटमध्ये दुसऱ्या रांगेचा बफर वाढवा, आवाजाच्या रांगेचा कमी करा. २०० बाइटच्या पॅकेटांना मोठं कोठार लागत नाही.

नव्या कॅटलिस्ट ९००० मालिकेवर हे सगळं क्लास-मॅप, पॉलिसी-मॅपच्या भाषेत लिहितात आणि तिथे पोर्ट मुळातच शिक्का मानतात. जुन्या पेटीच्या नेमकं उलट! जुना स्विच बदलून नवा बसवताना जुन्याच समजुतीनं काम केलं, तर वेस उघडी राहते.

झालं की नाही हे तपासायचं कसं? बोलून पाहणं ही तपासणी नव्हे, कारण गर्दी नसताना सगळंच छान चालतं. लिनक्सच्या यंत्रावरून ‘पिंग -क्यू १८४’ दिलं की ४६ शिक्क्याची पॅकेटं निघतात. पलीकडच्या यंत्रावर वायरशार्क लावून आयपी हेडरमधला डीएससीपी बघा. साध्या संगणकाच्या पोर्टावरून पाठवलेला १८४ पलीकडे ० होऊन पोहोचला, तर वेस चोख आहे. फोनच्या कॉलचं पॅकेट मात्र ४६ च राहिलं पाहिजे. ४० दिसला तर तो मघाचा तक्ता. ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’ पुढे पोर्टाचं नाव आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ लिहिलं, की कुठल्या शिक्क्याची किती पॅकेटं आली, किती गेली आणि कुठल्या रांगेतून किती टाकली, हे आकडे येतात. मग मुद्दाम मोठी फाइल चालवून, भर गर्दीत, तेच आकडे पुन्हा पाहा. पहिल्या रांगेत टाकलेल्यांचा आकडा हलता कामा नये.

वायफायवर ही साखळी एका मजेदार जागी तुटते. तिथे चारच दर्जे असतात, आणि कित्येक उपकरणं डीएससीपीचे फक्त पहिले तीन बिट पाहून दर्जा ठरवतात. ४६ चे पहिले तीन बिट ५, आणि वायफायच्या कोष्टकात ५ म्हणजे व्हिडिओ. आवाज ६ आणि ७ वर. आवाजाचं पॅकेट मग आपसूक व्हिडिओत जाऊन बसतं. आरएफसी ८३२५ नं ४६ ला ६ वर न्यायला सांगितलं आहे, पण ते तुमच्या कंट्रोलरवर झालेलं आहे का, हे उघडून पाहावंच लागतं.

इंटरनेटवर तुमचा शिक्का मानायला कुणी बांधलेलं नाही. सेवा पुरवणारी कंपनी तो पुसू शकते किंवा नुसता दुर्लक्षित ठेवू शकते. शाखांना जोडणारी एमपीएलएस लाइन असेल, तर करारात किती वर्ग आहेत आणि कुठला आकडा कुठल्या वर्गात धरतात, हे लेखी मागून घ्या आणि आपले शिक्के त्याप्रमाणे बदलून पाठवा. साधी ब्रॉडबँड असेल, तर आपल्या राउटरवरून बाहेर जाणारा वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा खाली बांधा, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागेल आणि तिथे प्राधान्य आपल्या मर्जीनं देता येईल. आणि लाइन दिवसभर काठोकाठ भरलेलीच असेल, तर मार्किंगच्या नादी न लागता जास्त वेगाची लाइन घ्या. शिक्क्यानं रांगेतला क्रम बदलतो, रस्त्याची रुंदी नाही.